कपातीच्या कागदावर नसलेली तारीख: वडाळ्यातल्या एका छापखान्याचं प्रकरण

हे प्रकरण जुलै २०२० मध्ये सुरू झालं आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत चाललं. मुंबईत कामगारांना मोफत सल्ला देणाऱ्या एका लहान केंद्रात मी काम करते, तिथे ते आमच्याकडे आलं. छापखान्याचं, मालकांचं, कामगारांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. पगाराचे आकडे मात्र त्यांच्या पगारपत्रकातून घेतलेले आहेत. मंदीत नोकरी टिकावी म्हणून स्वीकारलेली कपात मंदी ओसरल्यावरही पगाराला कशी चिकटून राहते, हे या प्रकरणात महिन्यामहिन्याच्या हिशेबात दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

## पार्श्वभूमी

वडाळ्यातल्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन गाळे जोडून हा ऑफसेट छापखाना चालतो. मालक दुसऱ्या पिढीतले. वडिलांनी सिंगल कलर मशीनवर सुरुवात केली, मुलाने बँकेचं कर्ज काढून वापरलेलं फोर कलर मशीन आणलं. मार्च २०२० मध्ये पगारपत्रकावर २७ माणसं होती. मशीनवर सहा, कटिंग आणि डाय पंचिंगला तीन, बाइंडिंगला नऊ (त्यांतल्या सात बायका), सहा हेल्पर, ऑफिसात दोघं आणि टेम्पो चालवणारा एक. महिन्याचा पगार साधारण ४ लाख ४० हजार रुपये.

लालबाग, काळाचौकी, शिवडीच्या चाळींमधून चालत येणारे थोडे. बाकीचे दिवा, बदलापूर, नालासोपारा इथून लोकलने यायचे. पुढे कोण टिकलं आणि कोण गळालं, यात या पत्त्यांचा मोठा वाटा होता.

कामाचे चार-पाच प्रकार होते: शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, कंपन्यांची ब्रोशर, वर्षअखेरीची कॅलेंडरं आणि डायऱ्या, आणि औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवतात ती माहितीपत्रकं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि यातलं जवळजवळ सगळं एकदम थांबलं. शाळा बंद, कार्यक्रम बंद, लग्नाला फक्त ५० माणसं. औषधाची माहितीपत्रकं तेवढी चालू राहिली. जूनमध्ये राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ सुरू झालं तरी फोर कलर मशीन आठवड्यातून दोनच दिवस फिरत होतं. जुलैत काम आधीच्या एक-तृतीयांश होतं. देशाचंही चित्र तेच होतं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसल्याचा पहिला सरकारी अंदाज ऑगस्टअखेर आला, तेव्हा छापखान्यातल्या कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

मार्चचा पगार पूर्ण मिळाला, एप्रिलचा अर्धा, मेचा काहीच नाही. शेठनी मे महिन्यात प्रत्येकाच्या घरी रेशन पोचवलं होतं, हे कामगारांनी पहिल्याच भेटीत आवर्जून सांगितलं. टाळेबंदीत पूर्ण पगार द्या, असा केंद्रीय गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश होता. तो १८ मेपासून राहिला नाही आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. म्हणजे थकलेल्या दीड महिन्याच्या पगाराचा प्रश्नही वाटाघाटीच्या टेबलावर येऊन पडला.

## अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेठनी मुख्य मशीनमन आणि कटिंग मास्टर यांना बोलावून दोन पर्याय दिले. एक, दहा माणसं कमी करायची. दोन, सगळ्यांच्या पगारात सरसकट ३० टक्के कपात. दोन्हींतून पगाराचा बोजा ३ लाख १० हजारांच्या आसपास येणार होता. ‘यापेक्षा जास्त मी ओढू शकत नाही, दादा. तुम्हीच सांगा काय करू,’ असं ते म्हणाले. ते नाटक करत होते असं मला आजही वाटत नाही. पार्ट्यांकडून येणी अडकली होती, मशीनच्या कर्जाचे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलले होते आणि त्यावरचं व्याज चढतच होतं.

त्याच आठवड्यात हिशेबनिसाने बाइंडिंगच्या बायकांना आणि काही हेल्परना फोन करून ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला अर्ज तयार होता: ‘मी वैयक्तिक कारणास्तव नोकरीचा राजीनामा देत आहे.’ सही केली की हातात जूनच्या कामाचे पैसे आणि वर पाच हजार रुपये. तिघींनी सह्या केल्या. मे महिना कोरडा गेलेल्या घरात पाच हजार रुपये ही मोठी रक्कम असते.

मुख्य मशीनमन आमच्याकडे आले ते या राजीनाम्यांमुळे. वय ४६, नोकरी १८ वर्षं, पगार २४,००० रुपये. बायको लालबागच्या चाळीत पोळीभाजीचे डबे करायची, ऑफिसं बंद पडल्यावर तेही थांबलेलं. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांचा पहिला प्रश्न स्वतःच्या पगाराबद्दल नव्हता. ‘त्या तिघींनी सही केली ती चुकली का?’ असं त्यांनी विचारलं.

## राजीनामा की कमी केल्याचं पत्र

या एका मुद्द्यावर थोडं थांबते, कारण मंदीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते काही मिनिटांत होऊन जातं.

तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू होता. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, त्यामुळे आज सल्ला घेताना नवीन तरतुदी पाहाव्यात.) त्या कायद्याच्या कलम २५-फ प्रमाणे वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागे. शिवाय त्या वर्गातल्या शेवटी आलेल्याला आधी काढायचं, आणि पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना आधी विचारायचं, असाही नियम होता. स्वतःहून राजीनामा दिला की यातलं काहीच लागू होत नाही.

दुसरं नुकसान ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकाला तेव्हा भत्ता मिळत होता. कोविडच्या काळात केंद्राने तो सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येईल अशी सोय केली. अट अशी की नोकरी गेलेली असली पाहिजे, सोडलेली नव्हे. साडेबारा हजार पगाराच्या बाइंडरला या योजनेतून अठरा-एकोणीस हजार मिळू शकत होते. राजीनाम्यावर सही करून तिने पाच हजार घेतले.

ज्यांच्या सह्या राहिल्या होत्या त्यांना त्याच रात्री निरोप गेले: राजीनामा लिहायचा नाही, काम कमी झाल्यामुळे कमी केलं असं लेटरहेडवर पत्र मागायचं. दिव्याहून येणाऱ्या एका ताईंनी आणि एका हेल्परने असं पत्र मिळवलं. ताई ऑफिसात दोन तास बसून राहिल्या. ‘साहेब, मी काम सोडत नाहीये. काम नाही म्हणून तुम्ही मला थांबवताय. तसंच लिहा,’ एवढं एकच वाक्य त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. हिशेबनिसाने शेवटी शेठना फोन लावला आणि पत्र निघालं.

आधी सह्या केलेल्या तिघी म्हणजे दोन बाइंडर आणि एक पंचिंगवरची बाई. त्यांचे राजीनामे मागे घ्यावेत म्हणून आम्ही पत्र दिलं, पण शेठनी मानलं नाही. कामगार आयुक्तालयात तक्रार करायची का, यावर तिघींमध्ये एकमत झालं नाही. एकीला गावाला, चिपळूणजवळ, जायचं होतं. ग्रॅच्युइटी तिघींनाही मिळाली, कारण पाच वर्षं पूर्ण झाली होती. भरपाई मात्र गेली.

## उरलेल्या २२ जणांपुढचे पर्याय

जमाव जमवायला बंदी होती म्हणून अभ्युदयनगरच्या मैदानाच्या कडेला पाच-सहा जणांच्या तुकड्यांनी भेटी झाल्या, बाकीचं फोनवर. चार गोष्टींवर खरी चर्चा झाली.

पहिली, ज्येष्ठ माणसं कमी करण्याची. शेठच्या मनातल्या दहाजणांच्या यादीत जास्त पगारवाले तीन मशीनमन होते. पण कायद्याने आधी नवीन माणसं निघणार, आणि जुन्यांना काढायचं तर पैसा लागणार. एकट्या मुख्य मशीनमनचा हिशेब मांडला: नोटीस पगार, १८ वर्षांची भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून चार लाखांच्या वर. ही रक्कम कागदावर पाहिल्यावर शेठनी तो पर्याय स्वतःच मागे घेतला. कामगारांना आपल्या हातात काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं ते या दिवशी.

दुसरी, पाळीपाळीने काम. अर्ध्यांनी पंधरा दिवस, अर्ध्यांनी पंधरा दिवस, आणि पगार कामाच्या दिवसांचा. ऐकायला न्याय्य, पण लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालू होती. दिवा-बदलापूरवाल्यांना बस बदलत यायला दीड-दोन तास लागायचे आणि पंधरा दिवसांच्या पगारातून भाडं काढल्यावर काय उरणार? शिवाय ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी ‘ले-ऑफ’ची अर्ध्या पगाराची भरपाई त्या कायद्याने बंधनकारक नव्हती, म्हणजे घरी बसण्याचे पंधरा दिवस पूर्ण कोरडे.

तिसरी, संप किंवा थेट कामगार कार्यालयात तंटा. इथे एका जुन्या बाइंडर काकांचं बोलणं निर्णायक ठरलं. त्यांचे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. ‘बाबा पुन्हा कामावर गेले नाहीत. मी आठवीत होतो, शाळा सोडून बाइंडिंगला लागलो,’ असं काकांनी सांगितलं. त्यानंतर संपाचा विषय कोणी काढला नाही. माझ्या मते १९८२ ची अडीच लाखांची लढाई आणि २२ माणसांनी कामगार कार्यालयात दिलेला अर्ज यांत काहीच साम्य नाही. पण लालबाग-परळच्या घरांमध्ये ही आठवण अजून इतकी ताजी आहे की साध्या अर्जालाही लोक संपाचं पहिलं पाऊल समजतात. सल्ला देणाऱ्याने हे गृहीत धरूनच बोलायला हवं.

चौथी, कपात वाटून घेण्याची. यावर सगळे आले, पण सरसकट ३० टक्क्यांवर नाही. हेल्पर आणि बाइंडर यांचा पगार किमान वेतनाला जेमतेम टेकलेला होता. किमान वेतनापेक्षा कमी पगार कामगाराच्या संमतीनेही देता येत नाही, तसा करार कायद्यात टिकत नाही. म्हणून खालच्यांना कपात शून्य, मधल्यांना थोडी, वरच्यांना जास्त, असा तक्ता कामगारांनीच तयार केला. मुख्य मशीनमनचं डोकं यात होतं. स्वतःच्या पगारातून महिन्याला सहा हजार जाणार हे माहीत असताना त्यांनी तो तक्ता मांडला, याबद्दल मला फार आदर वाटतो.

## वाटाघाट

१८ हजारांच्या वर पगार असलेल्या आठ जणांना २५ टक्के कपात, १५ ते १८ हजारांमधल्या सहा जणांना १५ टक्के, बाकीच्यांना काही नाही. गेलेल्या पाच जणांचा पगार वगळून बोजा ३ लाख १५ हजारांवर येत होता. शेठना हवं होतं त्याच्या अगदी जवळ. उरलेल्या फरकासाठी आम्ही केंद्र सरकारच्या हमीवर मिळणाऱ्या आपत्कालीन कर्जाकडे लक्ष वेधलं. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेचं जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवीन कर्ज तारणाशिवाय मिळत होतं. शेठना योजना माहीत होती, पण ‘कर्जावर कर्ज’ नको म्हणून त्यांनी अर्ज केला नव्हता. ऑगस्टमध्ये तो केला.

तक्त्यावर वाद झालाच नाही. वाद झाला दोन गोष्टींवर, आणि पुढची तीन वर्षं त्या दोन गोष्टींनी ठरवली.

पहिली: कपात पगाराच्या कोणत्या भागातून करायची? मुख्य मशीनमनच्या २४,००० मध्ये मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६,०००, घरभाडं ३,२०० आणि मशीन भत्ता ४,८०० होता. हिशेबनिसाच्या मसुद्यात मूळ पगारातही २५ टक्के कपात होती, कारण तसं केलं की मालकाचा पीएफचा वाटाही कमी होतो. आम्ही हे अजिबात मानू नका असं सांगितलं. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस हे सगळं त्या आकड्यावर उभं असतं, तो खाली गेला की बाकीचं सगळं खाली येतं. तीन बैठका याच मुद्द्यावर गेल्या. शेवटी मशीन भत्ता पूर्ण आणि घरभाड्यातले १,२०० अशी कपात ठरली, १६,००० ला हात लागला नाही.

दुसरी: कपात कधी संपणार? आमच्या मसुद्यात ‘१ फेब्रुवारी २०२१ पासून पगार आपोआप पूर्ववत होईल, मुदत वाढवायची असल्यास दोन्ही बाजूंनी नव्याने सही करावी’ असं वाक्य होतं. शेठ म्हणाले, फेब्रुवारीत काय असेल हे मला माहीत नाही, मी तारीख कशी लिहून देऊ? त्यांनी सुचवलेले शब्द होते: ‘ही कपात तात्पुरती असून परिस्थिती सुधारल्यावर पगार पूर्ववत करण्यात येईल.’

मशीनमनच्या बायकोने घरी स्पष्ट सांगितलं होतं, तारीख नसलेल्या कागदावर सही करू नका. परिस्थिती सुधारली हे कोण ठरवणार, हा तिचा प्रश्न होता आणि तो अगदी बरोबर होता. पण गणपती २२ ऑगस्टला होते. करारात मेच्या पगारापैकी अर्धा दोन हप्त्यांत, गणपतीपूर्वी आणि दिवाळीपूर्वी, मिळणार होता. घरात पैसा नव्हता. बाहेर नोकरी नव्हती, शेजारच्या गाळ्यातला छापखाना जूनमध्ये कुलूप लावून बंद झाला होता आणि तिथली माणसं रोज यांच्या दारात काम विचारत होती. १ ऑगस्ट २०२० ला २२ जणांनी तारखेशिवायच्या कागदावर सह्या केल्या. त्या आठवड्यात मुख्य मशीनमननी पीएफमधून कोविडची आगाऊ रक्कम म्हणून ४८,००० काढले, म्हणजे तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता. मुलाची फी आणि दोन महिन्यांची उधारी त्यातून भागली.

## पुढे काय झालं

२२ पैकी एकाचीही नोकरी मंदीत गेली नाही. आजूबाजूला गाळे रिकामे होत असताना ही साधी गोष्ट नव्हती आणि ती कामगारांच्या स्वतःच्या तक्त्यामुळे साधली.

कपात मात्र थांबली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकल सगळ्यांसाठी ठरावीक वेळांत सुरू झाली, औषधाच्या माहितीपत्रकांचं काम टाळेबंदीआधीपेक्षाही वाढलं होतं. मशीनमननी विचारलं तेव्हा उत्तर आलं, मार्चअखेरीस बघू. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले आणि विषयच संपला. पावसाळ्यानंतर काम चांगलं भरलं, पण तोवर कागदाचे भाव भडकले होते आणि ‘परिस्थिती’ या शब्दात आता कागदाचा भावही येऊन बसला. दिवाळीला, १ नोव्हेंबर २०२१ पासून, कपातीतली अर्धी रक्कम परत आली: १८,००० चे २१,००० झाले. उरलेले ३,००० एप्रिल २०२३ मध्ये मिळाले.

मुख्य मशीनमनचा हिशेब असा. ऑगस्ट २०२० ते ऑक्टोबर २०२१, पंधरा महिने, दरमहा ६,०००. पुढे सतरा महिने, दरमहा ३,०००. एकूण १ लाख ४१ हजार. करारात १ फेब्रुवारी २०२१ ही तारीख असती तर हा आकडा ३६ हजार असता. दुसऱ्या लाटेमुळे मुदत चार-सहा महिने वाढवून दिली असती, तरी जवळजवळ निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम वाचली असती.

आणि २०२३ मध्ये परत मिळालेले २४,००० हे २०२० चे २४,००० नव्हते. देशातली किरकोळ महागाई २०२१-२२ मध्ये सरासरी ५.५ टक्के, २०२२-२३ मध्ये ६.७ आणि २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के होती. तीन वर्षांची मिळून भाववाढ जवळजवळ १९ टक्के होते. त्या हिशेबाने २०२३-२४ चे २४,००० म्हणजे २०२०-२१ चे साधारण २०,२००. जो गॅस सिलिंडर २०२० च्या मध्यावर मुंबईत सहाशेच्या आत मिळत होता, तो जुलै २०२२ मध्ये हजाराच्या वर गेला. डब्यांचा धंदा पुन्हा उभा करणाऱ्या वहिनींना हे कुठल्याही आकडेवारीशिवाय समजत होतं.

याहून खोल परिणाम दुसरा होता. २०२२ मध्ये छापखान्याने नवीन मशीनमन घेतला. चांगला शिकलेला मुलगा, दीड वर्ष बेकार बसलेला. त्याला १७,००० दिले. त्यानंतर पगारवाढीचं बोलणं निघालं की शेठ म्हणत, ‘फोर कलरवर १७ हजारांत माणूस मिळतो, दादा.’ तात्पुरत्या कपातीचा आकडा त्या गाळ्यातला चालू भाव होऊन बसला. पुस्तकात बेकारी आणि रखडलेले पगार ही दोन वेगळी प्रकरणं असतात. इथे दोन्ही एकाच टेबलावर होती: बाहेर काम मागणारा जो तरुण होता, त्याच्या गरजेने आतल्यांची वाढ रोखली, आणि आतल्यांच्या कपातीने त्या तरुणाचा सुरुवातीचा पगार खाली ठेवला. त्या मुलाला कोणी दोष देऊ नये. त्याने जे मिळालं ते घेतलं.

मुख्य मशीनमननी सप्टेंबर २०२३ मध्ये नोकरी सोडली. वसईतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात त्यांना २८,००० मिळाले. २१ वर्षांची ग्रॅच्युइटी १६,००० च्या आधारावर १ लाख ९३ हजारांच्या वर निघाली. २०२० च्या मसुद्याप्रमाणे मूळ पगार २५ टक्क्यांनी खाली, १२,००० वर आला असता आणि तिथेच राहिला असता, तर हीच रक्कम १ लाख ४५ हजार झाली असती. तीन बैठका ज्या मुद्द्यावर गेल्या, तो ४८ हजारांचा होता.

कमी केल्याचं पत्र मिळवलेल्या ताईंना भरपाई दोन हप्त्यांत मिळाली. ईएसआयसीच्या शाखेत दावा दाखल झाल्यावर बँक खात्यावरचं नाव आणि विमा कार्डावरचं नाव जुळेना म्हणून काही आठवडे गेले, पण भत्ता आला. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना लोकलने प्रवासाची मुभा मिळाली, ती सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. नऊच्या पाळीच्या कामाला तिचा उपयोग नव्हता. २०२२ मध्ये छापखान्याने बाइंडिंग ठेकेदाराकडे दिलं. ताई आणि राजीनामा दिलेल्यांपैकी एक बाई त्याच गाळ्यात, त्याच टेबलावर, पीस रेटने, म्हणजे नगावर पैसे घेऊन, फॉर्म मोडायला (छापील कागदांच्या घड्या घालायला) परत आल्या. आता पीएफ नाही, ईएसआयसी नाही, काम असेल त्या दिवशी पैसे.

## वेगळं काय करता आलं असतं

तारखेचा आग्रह अडला तो शेठच्या एका खऱ्या अडचणीवर: पुढे काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या अडचणीला उत्तर होतं. तारखेऐवजी मोजता येणारी खूण लिहिता आली असती. छापखान्यात मशीनच्या इम्प्रेशनची, म्हणजे किती छापे निघाले त्याची, रोजची नोंद असते आणि जीएसटीचं विवरण दर महिन्याला भरलं जातं. ‘सलग तीन महिने उलाढाल २०१९ च्या त्याच महिन्यांच्या ७५ टक्क्यांवर गेली की कपात संपेल’ असं वाक्य शेठना नाकारणं कठीण गेलं असतं, कारण ते त्यांच्याच म्हणण्याला धरून होतं. २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत ही खूण नक्की ओलांडली गेली होती असं कटिंग मास्टर सांगतात. नंतर आलेल्या दुसऱ्या एका कारखान्याच्या करारात आम्ही असंच कलम घातलं आणि मालकांनी फार खळखळ न करता ते मान्य केलं.

करार साध्या लेटरहेडवर झाला. कायद्यातल्या नमुन्यात करून त्याची प्रत कामगार कार्यालयाला पाठवली असती, तर पुढे दाद मागायला पक्का आधार मिळाला असता. कामगारांना कार्यालयाचं नाव नको होतं, तरी निदान एवढं करायला हवं होतं. एकतर्फी पगार कमी करायचा तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, ही गोष्टही वाटाघाटीत जवळजवळ वापरलीच गेली नाही. त्या २१ दिवसांत गणपतीचा दबाव थोडा सैल झाला असता की वाढला असता, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

नवीन माणसाच्या पगाराबद्दल करारात काहीच नव्हतं. कपात चालू असेपर्यंत नवीन भरती कपातीपूर्वीच्या पगारापेक्षा कमी दराने होणार नाही, असं एक कलम असतं तर १७ हजारांचा आकडा मोजपट्टी झाला नसता. कदाचित त्या मुलाला घेतलंच नसतं. हा धोका खरा आहे, आणि आत असलेल्यांनी बाहेरच्याच्या पोटावर पाय देऊन असं कलम मागावं का, यावर बाइंडर काका आणि मशीनमन यांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

बाइंडिंगच्या बायका वाटाघाटीत नव्हत्या. बैठका संध्याकाळी लालबागमध्ये व्हायच्या आणि त्या दिवा-नालासोपाऱ्यात होत्या, मुलांची शाळा बंद म्हणून घरात अडकलेल्या. फोनवर त्यांचं मत विचारलं गेलं ते तक्ता ठरल्यानंतर. त्यांच्या पगारात कपात नव्हती म्हणून त्यांचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पगाराचा नव्हताच, कामाला पोचण्याचा आणि बाइंडिंग छापखान्यातच राहण्याचा होता. ‘बाइंडिंगचं काम दोन वर्षं ठेक्यावर देणार नाही’ एवढी अट २०२० मध्ये शेठनी सहज मान्य केली असती, कारण तेव्हा ठेकेदाराचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. पीस रेटवर परत आलेल्या दोघींचा ईएसआयसी नोंदणीचा अर्ज आम्ही ठेकेदाराच्या नावे दिला आहे. त्याच्याकडे दहापेक्षा कमी माणसं दाखवलेली आहेत, प्रत्यक्षात तीन गाळ्यांत मिळून त्याहून जास्त बसतात. हजेरीची वही मागितली आहे, ती अजून मिळालेली नाही.